घशातल्या नळीचं प्रेशर डोळ्यात चढतं: आमच्या रुग्णालयाच्या खरेदी समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य, खरेदी समिती

साहेब, मॅडम, नमस्कार.

रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हाला कळेलच, तिथं काम केलेल्यांनाही कळेल, बाकीच्यांना नाही कळलं तरी चालेल कारण बदनामी करायला मी बसलेली नाही. २६ वर्षं मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची ११ डोळ्यांच्या ओटीत, भुलेच्या ट्रॉलीपाशी, आणि मागच्या वर्षी रिटायर झाले. नोकरीत असताना हे लिहिलं असतं तर आवक-जावक रजिस्टरात नंबर पडून कागद फाइलला लागला असता आणि वर मला एक मेमो आला असता. आता पेन्शन चालू झालीय, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

यंदाच्या इंडेंटमधल्या, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रातल्या, दोन ओळी तुम्ही लाल पेनानं खोडल्यात. एलएमए, सर्व साइज. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, नग १. (एलएमए म्हणजे भूल दिल्यावर श्वासासाठी घशात बसवायची मऊ वाटी. लॅरिंगोस्कोप म्हणजे ट्यूब टाकताना घशात बघायचं दिव्याचं पातं, व्हिडिओवाल्याला कॅमेरा असतो.) समोर शेरा मारलाय, "साधा लॅरिंगोस्कोप व ट्यूब उपलब्ध आहेत, सबब आवश्यकता नाही." त्या पानाचा फोटो निम्म्या स्टाफच्या मोबाइलमध्ये फिरतोय, माझ्याकडंही आला. खोडायच्या आधी भुलेच्या डॉक्टरांना कुणी एक फोन केला होता का, एवढंच मी विचारून पाहिलं, तर नाही.

माझा यात काय संबंध, तर मला स्वतःला काचबिंदू आहे. वडिलांना होता, त्यांची नजर कडेकडेनं जात गेली, शेवटी शेवटी दाराची चौकट चाचपत चालायचे आणि आम्ही म्हणायचो वय झालं. माझा डावा डोळा बराच गेलाय, उजवा थेंबांवर टिकून आहे. आता पित्ताशयात खडे निघालेत, ऑपरेशन तुमच्याच ओटीत व्हायचंय. म्हणजे ज्या ड्रॉवरमधनं इतकी वर्षं मी ब्लेड काढून डॉक्टरांच्या हातात देत आले, तोच ड्रॉवर आता माझ्या उशाशी उघडणार.

समितीत सगळेच काही डॉक्टर नाहीत, अकाउंट्सचे आहेत, स्टोअरचे आहेत, त्यांना वाटत असेल घशातल्या नळीचा आणि डोळ्याचा काय संबंध. म्हणून आधी ते सांगते.

पूर्ण भूल दिली की पेशंटचा श्वास आपल्याला चालवायला लागतो. त्यासाठी साधी पद्धत म्हणजे तोंडात स्टीलचं वाकडं पातं घालायचं, जीभ बाजूला सारायची, जबडा वर उचलायचा, स्वरयंत्र दिसलं की त्यातून ट्यूब श्वासनलिकेत सरकवायची. ट्रॉलीतलं ते पातं मॅकिंटॉश नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली काढलं, आजही जगभर चालतं आणि चांगलंच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. पण जिभेच्या मुळाशी आणि स्वरयंत्रापाशी नसांचं दाट जाळं आहे. तिथं पातं टेकलं, ताण पडला, की पेशंटला काही कळत नाही पण त्याच्या नाडीला बरोबर कळतं. ठोके वाढतात, बीपी चढतं. हे मी नवीन काही सांगत नाही, श्वासमार्गाला डिवचलं की हृदयावर आपोआप परिणाम होतो हे रीड आणि ब्रेस या डॉक्टरांनी १९४० सालीच लिहून ठेवलंय. मॉनिटरकडं तोंड करून उभं राहणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, बीपीचा १३० ला असलेला वरचा आकडा ट्यूब जाता जाता १८० ला टेकलेला तिनं पाहिलेला असतो. मिनिटभरात टोक गाठतो, पाचेक मिनिटांत उतरतो.

आता डोळा. डोळा म्हणजे आतून पाण्यानं आणि जेलीनं भरलेला बंद गोळा, साल फारशी ताणत नाही. नॉर्मल प्रेशर १० ते २१, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, बीपी उसळलं की तो फुगतो आणि आतली जागा कमी होते. पुढच्या बाजूला जे पाणी तयार होतं ते बारीक जाळीतून शिरांमध्ये उतरतं. पेशंटनं ट्यूबवर ढास दिली, कुंथला, की मानेच्या शिरा टरारून फुगतात आणि ते पाणी उतरायला जागाच राहत नाही. मुंबईत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की गटारं उलटी वाहतात ना, तसंच अगदी. भूल कच्ची असताना नुसतं पातं घालून ट्यूब टाकली तर डोळ्याचं प्रेशर १०-२० नं चढू शकतं. ढास किंवा उलटी आली तर ३०-४० नं. शिवाय घाईच्या केसला स्नायू सैल करायला देतात ते स्कोलिन, त्यानं आणखी सरासरी ८ चढतं, तेही काही मिनिटं.

धडधाकट माणसाला याचं काही होत नाही, हेही सांगते, उगाच भीती घालायची नाहीये. काही मिनिटांचा खेळ, उतरून जातो. पण काचबिंदूनं ज्याची डोळ्याची नस आधीच वाळलेली आहे त्याचं गणित वेगळं. नसेला रक्त किती मिळणार, तर बीपीचा जो सरासरी जोर असतो त्यातून डोळ्याचं प्रेशर वजा करायचं आणि उरेल ते. त्यात गंमत अशी की चढणारं बीपी दाबायला भुलेचं औषध जास्त मारलं तर पाच मिनिटांनी बीपी धाडकन खाली येतं, म्हणजे वजाबाकी दोन्हीकडनं मार खाते. म्हणून भूलवाल्यांचा सगळा जीव, मुळात उसळीच कमी यावी यात असतो. कुणी लिग्नोकेन देतं, कुणी फेंटानिल, कुणी एस्मोलॉल. आणि कुणी दार बदलतं, म्हणजे एलएमए घालतं.

एलएमए ही स्वरयंत्राच्या वर बसणारी मऊ वाटी. आर्ची ब्रेन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी १९८१ साली लंडनमध्ये ती पहिल्यांदा वापरली, १९८८ ला बाजारात आली. पातं नको, जबडा उचलायला नको, श्वासनलिकेत काही घुसवायचं नाही. त्यामुळं डोळ्याचं प्रेशर आणि बीपी दोन्ही ट्यूबपेक्षा कमी चढतात, हे बऱ्याच अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि काढताना तर फारच फरक. ट्यूब टाकताना सगळे श्वास रोखून बघतात, काढताना अर्धे लोक चहाला गेलेले असतात, पण खरी ढास तेव्हाच येते, डोळ्याचे टाके ताजे असतात आणि पेशंट टेबलवर उठून बसेल इतका खोकतो. एलएमएवर पेशंट निवांत डोळे उघडतो, आम्ही तोंड उघडा म्हणतो, वाटी बाहेर.

आता माझ्या तक्रारी.

पहिली. "वापरून फेकायच्या महागड्या वस्तू" असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हटलं म्हणे. साहेब, एलएमएला आम्ही मास्क म्हणतो, त्यात फेकायचे असतात तसे सिलिकॉनचे परत वापरायचेही असतात, आणि आम्ही मागत होतो ते तेच. एक मास्क नीट धुवून ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक केला, तर ४० वेळा चालतो. माझ्याकडं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात प्रत्येक मास्कचं कार्ड. ऑटोक्लेव्हमधनं आला की एक रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी, अशा आठ जुड्या झाल्या की मास्क बाद, मी स्वतः कात्रीनं कापून टाकायचे म्हणजे कुणी मोहात पडून परत वापरायला नको. तो डबा अजून तिथंच खालच्या कप्प्यात असेल. खोडायच्या आधी तो उघडून पाहिला असता आणि किमतीला ४० नं भागलं असतं तर आकडा दिसला असता. पण भागाकार केला कुणी?

दुसरी, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. लहान बाळं. जन्मतःच काचबिंदू असलेलं बाळ येतं तेव्हा आई-आजी कौतुकानं सांगतात, डोळे किती मोठ्ठे आहेत बघा, गावात सगळे म्हणतात. त्या बाळाला उजेड सहन होत नाही, डोळ्यातनं पाणी गळत असतं, आणि ते डोळे मोठे असतात कारण आतल्या प्रेशरनं ते ताणले गेलेले असतात. वर्षाच्या आतल्या बाळाचं बुबुळ १२ मिलिमीटरच्या वर भरलं की आमचे डोळ्यांचे सर्जन, सर, गप्प व्हायचे आणि मापाचा कॅलिपर पुसत राहायचे. अशा बाळाची तपासणी भूल देऊनच करावी लागते, आणि त्यात जे प्रेशर मिळेल त्यावर ऑपरेशनचा बराचसा निर्णय. आता बघा, भूल जास्त खोल गेली की प्रेशर खोटं कमी येतं, ट्यूब टाकली की खोटं जास्त येतं. म्हणून भूल लागल्या लागल्या, घशाला हात लावायच्या आधी पहिलं माप घ्यायचं. पण बाळ हलतं, रडून आलेलं असतं, कधी माप चुकतं, परत घ्यावं लागतं, शिवाय मागची नस, पुढचा कोन, बुबुळ हे सगळं बघेपर्यंत श्वास सांभाळायला काहीतरी लागतंच. तिथं १ नंबर किंवा दीड नंबरचा एलएमए असला तर घसा फार डिवचला जात नाही. आता ते दोन्ही साइज संपलेत. म्हणजे ट्यूब टाकणार, परत माप घेणार, २८ येणार, आणि ते २८ बाळाचे किती आणि ट्यूबचे किती हे कुणालाच सांगता यायचं नाही. त्या आकड्यावर तुम्ही सही कराल?

तिसरी तक्रार व्हिडिओ लॅरिंगोस्कोपची. इथं मला खरं बोललं पाहिजे. व्हिडिओवर ट्यूब टाकली की प्रेशर कमी चढतं असं काही अभ्यास म्हणतात, काहींना फरक दिसलेला नाही, आणि शेवटी ट्यूब ती ट्यूबच. माझं म्हणणं एवढंच की अवघड घसा असला, मान वळत नसली, दात पुढं असले, तर दोन-तीनदा पातं घालणं टळतं. आणि उसळी किती येणार हे त्यावरच ठरतं, पातं तोंडात किती वेळ आणि किती जोरानं. आमच्या भुलेच्या मॅडम ज्युनिअरना म्हणायच्या, १५ सेकंदांत दिसलं नाही तर बाहेर ये, तोंडावरच्या मास्कनं श्वास दे, परत बघ.

त्यावरून एक रात्र सांगते. बाभळीचा काटा डोळ्यात घुसलेली एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, शेळ्यांमागं गेली होती. दुपारी पिठलं-भाकरी खाल्लेली, संध्याकाळी सात वाजता टेबलवर. पोट भरलेलं आणि डोळा फुटलेला, भूलवाल्यांना याहून वाईट जोडी नाही. पोट भरलेलं असताना एलएमए चालत नाही, उलटी फुप्फुसात जाऊ शकते, तिथं ट्यूबच लागते. मग ट्यूब अशी टाकायची की ढास येता कामा नये. ड्युटीवर नवीन डॉक्टर, हुशार पोरगा, पण लॅरिंगोस्कोपचा दिवा मिणमिणत होता. स्टोअरला कुलूप. मी पळत जाऊन गेटवरच्या वॉचमनमामांच्या टॉर्चमधले सेल काढून आणले, तोवर पहिला प्रयत्न फुकट गेला होता. दुसऱ्या वेळी ट्यूब गेली पण पोरीनं ढास दिली, एकच. डोळ्यावर प्लास्टिकची शील्ड होती, सरांनी ती उचलली तर जखमेच्या कडेला काचेसारखा स्वच्छ एक थेंब लोंबत होता. ती आतली जेली. सर कुणाला काही बोलले नाहीत, बारीक कात्री मागितली आणि कामाला लागले.

त्या ढासेनंच तिचा डोळा गेला असं मी म्हणणार नाही. काटा खोल होता, आणलंही उशिरा. पण तो थेंब मी पाहिलाय आणि वॉचमनमामांचे सेलही मी पाहिलेत, आणि दोन्ही एकाच रात्रीत पाहिलेत.

चौथी, मग सेल आणि बल्ब. हे तर इंडेंटमध्ये मागायलाही लाज वाटते. दोन मध्यम साइजचे सेल, एक बारका बल्ब. मागणी करा, मंजुरी येईल, मग स्टोअरकीपरची रजा. लखलखीत दिवा असला की साध्या पात्यानंही निम्मं काम सोपं होतं, त्याला कुठलं मशीन लागत नाही.

पाचवीला तर पैसाच लागत नाही. भुलेच्या तपासणीच्या छापील फॉर्मवर डायबेटिस आहे, बीपी आहे, दमा आहे, दात हलतात का हेही आहे, काचबिंदू नाही. मग पेशंट सांगत नाही, कारण त्याला वाटतं पोटाच्या ऑपरेशनला डोळ्याचं काय सांगायचं. आणि वॉर्डात "उपाशी ठेवा" म्हटलं की काही सिस्टर, माझ्याच पोरी, डोळ्याचे थेंबही बंद करतात! थेंब पोटात जातात का गं? पण तसं लेखी कुणी सांगितलेलंच नाही. उलट टिमोलॉलसारखा थेंब चालू असेल तर भूलवाल्यांना ते कळलंच पाहिजे, कारण डोळ्यात घातलेला तो थेंब रक्तात उतरून ठोके कमी करू शकतो आणि दमेकऱ्याला त्रास देऊ शकतो. डोळा आणि हृदय यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. तिरळेपणाच्या ऑपरेशनला डोळ्याचा स्नायू ओढला की मॉनिटरची टिकटिक एकदम संथ होते, मॅडम ओरडायच्या "सोडा!", सर स्नायू सोडायचे, ठोके परत यायचे. ज्यांनी हे एकदा पाहिलंय ते पुन्हा कधी म्हणणार नाहीत की डोळ्याच्या केसला कसली आलीय भूल.

आणि हे फक्त डोळ्यांच्या ओटीपुरतं समजू नका. ट्रॉली फिरती आहे. बाळंतपणात बीपी वाढलेली बाई, घाईत पूर्ण भूल द्यायला लागली तर ट्यूबच्या वेळची तीच उसळी तिच्या मेंदूवर जाऊ शकते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले आजोबा हर्नियाला येतात, त्यांना ते वाढलेले ठोकेच महाग पडतात. अशांच्या वेळी ड्रॉवरमध्ये एकच पातं असणं म्हणजे गावातल्या सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा वाटण्यासारखं आहे.

तुमच्या बाजूनं बोलायचं तर मला माहितीय, बजेट कमी असतं, ऑडिटवाले दर वस्तूला "का" विचारतात, आणि आधी कधीतरी घेतलेली मशीनं धूळ खात पडलीत हेही खरं आहे, दोन तर मीच प्लास्टिक घालून झाकून ठेवलीत. म्हणून मोघम काही मागत नाही.

परत वापरायचे सिलिकॉनचे एलएमए, १ नंबरपासून ५ पर्यंत, मधले दीड आणि अडीच धरून सात साइज, प्रत्येकी दोन. कार्डाचा डबा चालू ठेवायचा, ऑडिटला तोच दाखवायचा.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप एक, लहान मुलांच्या ब्लेडसकट, सगळ्या ओटींना मिळून. वापराची वही त्याच्याच बॅगेत ठेवा, सहा महिने कुणी वापरला नाही तर खुशाल दुसऱ्या रुग्णालयाला द्या.

सेल आणि बल्ब ओटीतच राहू द्या, चार-चार नग, संपले की सिस्टरच्या सहीवर भरून मिळाले पाहिजेत.

फॉर्मवर काचबिंदूचा रकाना आणि "थेंब कोणते, शेवटचा कधी घातला" ही एक ओळ. वॉर्डांना एक परिपत्रक, की भूलतज्ज्ञांनी बंद करायला सांगितल्याशिवाय डोळ्याचे थेंब बंद करायचे नाहीत.

आणि भुलेच्या सामानावर पेन मारायच्या आधी समितीत भूलतज्ज्ञ बसलेला असावा. खोडायचंच असेल तर कारण त्यांच्यासमोर लिहा. कुठल्या पेशंटला काय घालायचं हे त्या दोन मिनिटांत पेशंटच्या डोक्याशी उभा असलेला माणूस ठरवतो, त्याच्या हाताला निवड तरी सापडू द्या.

उत्तर मला घरी पाठवायची गरज नाही, ओटीच्या बाहेर नोटीस बोर्ड आहे तिथं लावलंत तरी स्टाफ वाचेल आणि मला फोटो येईलच. माझी तारीख पुढच्या महिन्यात लागलीय. दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, पोटात गॅस भरणार, म्हणजे मला ट्यूबच लागणार हे मला कळतं, मी एलएमएचा हट्ट धरणार नाही. फॉर्मवर रकाना नसला तर पेनानं मीच ओढून घेईन. आणि मध्यम साइजचे दोन नवे सेल मी पिशवीत घालून आणणार आहे, माझ्यानंतरच्या पेशंटसाठी ते तिथंच ठेवा.

आपली,
डोळ्यांच्या ओटीतली एक रिटायर्ड सिस्टर